किती तास लांब?

झोप येत नसली की मी फोनवर दोन शहरांची नावं टाकते. कुठलीही दोन. सिडनी आणि सँटियागो. नैरोबी आणि लिमा. लगेच उत्तर येतं: इतके किलोमीटर, विमानाने इतके तास, इतकी मिनिटं. धाकटी बहीण समुद्रापलीकडे राहायला गेली तेव्हा या नादाला एक सभ्य कारण मिळालं, पण नाद त्याच्या पुष्कळ आधीचा. ॲटलासच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरांत शहरांची यादी आणि त्यांचे अक्षांश-रेखांश असायचे. ते वाचत बसणारी जी मुलं असतात, त्यांतली मी एक.

फोनवरचं उत्तर मात्र जरा जास्तच ठाम असतं. शेवटच्या किलोमीटरपर्यंत मोजलेलं अंतर, शेवटच्या मिनिटापर्यंत मोजलेला वेळ. अंतराचं गणित त्यातल्या त्यात सरळ आहे. पृथ्वी म्हणजे ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोल असं धरायचं, दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि त्रिकोणमितीचं एक सूत्र लावायचं. पृथ्वी खरं तर ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ध्रुवांपाशी असते त्यापेक्षा सुमारे २१ किलोमीटरनी जास्त भरते, त्यामुळे गोल धरून काढलेलं उत्तर अर्ध्या टक्क्यापर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं. १५,००० किलोमीटरच्या प्रवासात हा अर्धा टक्का ७५ किलोमीटरचा होतो. चांगली संकेतस्थळं पृथ्वीचा चपटेपणाही हिशेबात घेतात. असो, एवढ्याने कुणाचं विमान चुकत नाही.

वेळेचा भाग म्हणजे निव्वळ भागाकार. अंतराला ताशी आठ-साडेआठशे किलोमीटरने भागायचं, चढण्या-उतरण्याचा म्हणून अर्धा तास मिळवायचा, की झालं. सिडनीहून सँटियागोला जा किंवा सँटियागोहून सिडनीला या, उत्तर एकच. प्रत्यक्षात सँटियागोहून परत येणाऱ्या विमानाला तास-दीड तास जास्त लागतो, पण भागाकाराला ते कसं कळणार? त्याच्या आकाशात वारा सुटत नाही, ऋतू बदलत नाहीत आणि खाली कुठले देश आहेत याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. मला रस आहे तो नेमका या सगळ्यात.

एकदा विमानात शेजारच्या सीटवरचे काका समोरच्या पडद्यावरचा नकाशा बराच वेळ बघत होते. विमानाचा मार्ग धनुष्यासारखा वर उत्तरेकडे वाकलेला. शेवटी त्यांनी न राहवून मला विचारलं, "हे सरळ का जात नाहीत हो?" मी म्हटलं, "सरळच चाललंय." त्यांना ते उद्धट वाटलं असावं, कारण पुढचा तासभर ते माझ्याशी बोलले नाहीत. पण उत्तर खरं होतं. गोलावरच्या दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा रस्ता, म्हणजे ग्रेट सर्कल, सपाट नकाशावर बहुधा वाकडा दिसतो. पृथ्वीचा गोल घेऊन दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला की तो आपोआप या रस्त्यावर येऊन बसतो. आपल्या डोळ्यांत बसलेला नकाशा आहे मर्केटर या नकाशाकाराचा. १५६९ साली त्याने तो खलाशांसाठी काढला. एकच होकायंत्री दिशा धरून जाणारं जहाज त्यावर सरळ रेषेत जाताना दिसावं, ही त्यामागची सोय. त्या सोयीसाठी उत्तरेचा आणि दक्षिणेचा प्रदेश ताणावा लागला. रेखांशाच्या ज्या दोन रेषा विषुववृत्तावर एकमेकींपासून शंभर किलोमीटर लांब असतात त्या ६० अंश अक्षांशावर पन्नासच किलोमीटर अंतरावर येतात, पण मर्केटरच्या नकाशावर त्या तेवढ्याच लांब उभ्या दिसतात. उत्तरेकडे जग अरुंद होत जातं आणि विमान त्या अरुंद भागातून पलीकडे निघतं.

हे गणित जुनं आहे. चार्ल्स लिंडबर्ग १९२७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कहून पॅरिसला एकटा उडत गेला, तेव्हा त्याने हाच वाकडा दिसणारा मार्ग शंभर-शंभर मैलांच्या तुकड्यांत आखून घेतला होता. दर तुकड्याला होकायंत्राची दिशा थोडी बदलायची, म्हणजे बारक्या सरळ रेषा जोडत जोडत वळण पूर्ण होतं. सुमारे ५,८०० किलोमीटर, साडेतेहतीस तास. सोबतीला कुणी नाही आणि झोपेशी सतत झगडा. त्या तुकड्यांचा विचार मी बरेचदा करते. इतका मोठा रस्ता डोळ्यांपुढे एकदम न आणता पुढची दिशा तेवढी बघायची, हे त्याला समुद्रावर उपयोगी पडलंच असेल.

या वळणाचं टोक म्हणजे ध्रुवावरून जाणं. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून निघालं आणि उत्तर ध्रुवावरून येऊन बंगळुरूला उतरलं. सुमारे १४,००० किलोमीटर, सतरा तासांच्या आसपास. कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्यासोबतचे सगळे वैमानिक, म्हणजे चौघीही, महिला होत्या. बातम्या त्याच्याच झाल्या आणि व्हायलाच हव्या होत्या. पण माझ्यासारख्या नकाशावेड्यांचं लक्ष आणखी एका गोष्टीवर होतं. ही दोन शहरं रेखांशाच्या हिशेबाने जवळजवळ समोरासमोर आहेत, एकमेकांपासून सुमारे १६० अंशांवर. पूर्वेला जा की पश्चिमेला, दोन्हीकडून जवळपास सारखंच लांब. अशा वेळी जवळचा रस्ता डोक्यावरून जातो.

आता वारा.

माझ्या आईचा एक जुना प्रश्न आहे: पृथ्वी जर पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तर विमानाने नुसतं वर जाऊन थांबावं, खालून शहर आपोआप येईल. हा प्रश्न भल्याभल्यांना पडतो. याचं उत्तर असं की हवाही पृथ्वीबरोबर फिरते आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही त्याच वेगाने आधीच फिरत असतं. वर जाऊन थांबलेलं विमान खालच्या गावाबरोबरच पुढे जात राहील. आईला हे पटलं, पण तिने लगेच विचारलं, "मग पूर्वेकडे जाताना कमी वेळ का लागतो?" हा मात्र फार योग्य प्रश्न.

जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकी जिथून प्रवासी विमानं जातात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान हवेचे पट्टे असतात. जेट प्रवाह. ध्रुवाकडची थंड हवा आणि विषुववृत्ताकडची उष्ण हवा यांच्यातल्या तफावतीतून आणि पृथ्वीच्या फिरण्यातून ते तयार होतात. म्हणजे आईच्या प्रश्नातली फिरणारी पृथ्वी इथे येतेच, फक्त आडवाटेने. हिवाळ्यात तफावत वाढते आणि प्रवाह जोर धरतात. १९२० च्या दशकात जपानमध्ये वासाबुरो ओइशी नावाच्या हवामानशास्त्रज्ञाने तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून हे वरचे वारे मोजले. निष्कर्ष साऱ्या जगाला कळावेत म्हणून त्याने १९२६ मध्ये आपला अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला. साऱ्या जगाची भाषा म्हणून बनवलेल्या भाषेत लिहिलं आणि जगातल्या फारच थोड्यांनी वाचलं! पुढे १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बर विमानं टोकियोवर फार उंचावरून आली तेव्हा त्यांना हाच वारा भेटला आणि बॉम्ब ठरल्या जागी पडेनात. जे ओइशीने फुगे सोडून शांतपणे मोजून ठेवलं होतं, ते वैमानिकांना लढाईत अंगावर घेऊन शिकावं लागलं.

न्यूयॉर्क ते लंडन हे अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर. पूर्वेकडे साधारण साडेसहा-सात तास, उलट यायला तासभर जास्त. फेब्रुवारी २०२० मध्ये किआरा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ विमान जेट प्रवाहात शिरून हे अंतर ४ तास ५६ मिनिटांत कापून गेलं. जमिनीच्या मानाने त्याचा वेग ताशी १,२०० किलोमीटरच्या वर होता. तरी त्याने ध्वनीची मर्यादा ओलांडली नाही, कारण भोवतालच्या हवेच्या मानाने ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं. हवाच पळत होती.

म्हणून अटलांटिकवरचे रस्ते रोज नव्याने आखतात. हे मला कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. दिवसातून दोनदा, कॅनडातलं गँडर आणि ब्रिटन-आयर्लंडच्या बाजूचं शॅनविक, ही दोन नियंत्रण केंद्रं वाऱ्याचा अंदाज बघून समुद्रावर समांतर मार्ग आखतात. दिवसा युरोपातून अमेरिकेकडे जाणाऱ्यांसाठी, रात्री अमेरिकेतून युरोपाकडे येणाऱ्यांसाठी. येणाऱ्यांना जेट प्रवाहाच्या पोटात शिरायचं असतं, जाणाऱ्यांना त्याला वळसा घालायचा असतो. कालचा रस्ता आज नसतो.

वाऱ्याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं. एअर इंडियाची ही फ्लाइट आधी पश्चिमेकडून, अटलांटिक ओलांडून जायची. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी तोंडच फिरवलं आणि पूर्वेकडून, पॅसिफिकवरून विमान नेलं. रस्ता सुमारे १,४०० किलोमीटरनी लांबला, १५,००० किलोमीटरच्या पुढे गेला, आणि वेळ? साधारण दोन तासांनी कमी झाला. साडेचौदा तासांत विमान पोचलं, कारण वारा सबंध रस्ताभर पाठीशी होता. दोन शहरांमधलं अंतर वाढवून वेळ कमी करता येतो हे फोनवरच्या त्या भागाकाराला कुणी समजावून सांगावं?

वाऱ्याचा राग येत नाही. तो कुणाचं ऐकत नाही आणि कुणाचं वाईटही चिंतत नाही. माणसांनी वाढवलेल्या तासांचं तसं नाही.

हेलसिंकी ते टोकियो हे अंतर ८,००० किलोमीटरही भरत नाही. रशियाच्या आकाशातून साडेनऊ तासांचा प्रवास. फिनलंडच्या विमान कंपनीने युरोप आणि आशिया यांच्यातला जवळचा दरवाजा म्हणूनच आपला धंदा उभा केला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, युरोपने रशियाच्या विमानांना आणि रशियाने युरोपच्या विमानांना आकाश बंद केलं आणि त्याच दोन शहरांमधला प्रवास तेरा तासांवर गेला. एक वळसा उत्तर ध्रुवावरून, दुसरा दक्षिणेकडून. ध्रुवावरून गेलेल्या प्रवाशांना कंपनीने प्रमाणपत्रंही दिली. मला ती प्रमाणपत्रं एकाच वेळी गोड आणि उदास वाटतात. शहरं तसूभरही हलली नव्हती.

गंमत अशी की हा वळसा नवा नाही. सोव्हिएत काळात युरोपातून जपानला जाणारी कित्येक विमानं अलास्कातल्या अँकरेजला थांबून इंधन घ्यायची. एसएएस या स्कँडिनेव्हियन विमान कंपनीने १९५७ मध्ये कोपनहेगनहून अँकरेजमार्गे टोकियोला जाणारी ध्रुवावरची सेवा सुरू केली होती. शीतयुद्ध संपल्यावर सायबेरियाचं आकाश मोकळं झालं आणि अँकरेजचा थांबा मागे पडला. माझ्या पिढीला वाटलं की जग जवळ येत जातं आणि ते एकाच दिशेने होतं. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आकाश बंद केलं तेव्हा उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या उड्डाणांचे तास वाढले, काहींना वाटेत इंधनासाठी उतरावं लागलं. पर्थ ते लंडन हे सुमारे १४,५०० किलोमीटरचं उड्डाण २०१८ पासून थेट होतं. २०२४ मध्ये इराणचं आकाश टाळायचं ठरलं तेव्हा लंडनकडे जाणारं विमान काही काळ सिंगापूरला थांबून इंधन भरत होतं. तिकिटावर यातलं काही लिहिलेलं नसतं. तिकिटावर फक्त निघायची आणि पोचायची वेळ असते.

काही वळसे मात्र शहाणपणाचे असतात. तिबेटच्या पठारावरून विमानं शक्यतो जात नाहीत. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला तातडीने सुमारे ३,००० मीटरपर्यंत खाली यावं लागतं, कारण डोक्यावरून लोंबणाऱ्या मास्कमधला प्राणवायू बहुतेक विमानांत पंधरा-वीस मिनिटंच पुरतो. तिबेटमध्ये जमीनच साडेचार हजार मीटरवर आहे. खाली यायचं कुठे? दोन इंजिनांच्या विमानांनाही असंच बंधन होतं. एक इंजिन बंद पडलं तर तासाभरात उतरता येईल असा विमानतळ वाटेत हवा, हा नियम १९५० च्या दशकातला. १९८५ मध्ये ही मुदत दोन तासांवर नेली, पुढे आणखी वाढवली, आणि अटलांटिक दोन इंजिनांच्या विमानांना खुला झाला. सिडनी-सँटियागोसारखे अंटार्क्टिकाच्या बाजूने जाणारे मार्ग तर या मुदतीवरच अवलंबून असतात, कारण तिथे खाली तास न् तास धावपट्टी नाही.

वेग म्हणावा तर तो वाढलेलाच नाही. १९५८ मध्ये बोइंग ७०७ प्रवासी सेवेत आलं तेव्हा ते ज्या वेगाने जायचं, जवळपास त्याच वेगाने आजची विमानं जातात. मधे ध्वनीपेक्षा वेगाने जाणारं काँकॉर्ड येऊन गेलं. ७ फेब्रुवारी १९९६ ला त्याने न्यूयॉर्क-लंडन २ तास ५२ मिनिटं ५९ सेकंदांत पार केलं आणि २००३ मध्ये ते निवृत्त झालं. मला स्वतःला काँकॉर्डबद्दल फारसा गहिवर येत नाही. फार थोड्यांचे काही तास त्याने वाचवले. गेल्या सत्तर वर्षांत खरा बदल झाला तो थांबे गळून पडण्याचा. १ डिसेंबर १९४७ ला ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीचं कॉन्स्टेलेशन विमान सिडनीहून लंडनला निघालं तेव्हा प्रवासाला चार दिवस लागले. वाटेत डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली. प्रवासी २९ आणि कर्मचारी ११. सिंगापूरला आणि कैरोला रात्रीचा मुक्काम. त्या प्रवाशांना दोन शहरांमध्ये असलेलं जग निदान वासाने आणि उकाड्याने तरी कळलं असेल.

त्याआधी, युद्धाच्या काळात, पर्थ ते श्रीलंकेतलं कोग्गला अशी कॅटालिना नावाच्या समुद्री विमानांची गुप्त सेवा होती. १९४३ ते १९४५. रेडिओ बंद, ताऱ्यांवरून दिशा आणि इंधनाचं ओझं इतकं की प्रवासी तीनच घेता येत. उड्डाण कधी कधी ३२ तासांपर्यंत लांबायचं, त्यामुळे प्रवाशांना वाटेत दोन सूर्योदय दिसत. आता सिडनीहून लंडनला आणि न्यूयॉर्कला थेट जाण्याची जी योजना क्वांटासने आखली आहे तिचं 'प्रोजेक्ट सनराइज' हे नाव त्याच आठवणीतून आलंय. २०१९ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क-सिडनी असं चाचणीचं उड्डाण केलं, १९ तास १६ मिनिटांचं. आजचं सगळ्यात लांब नियमित उड्डाण, न्यूयॉर्क-सिंगापूर, अठरा तासांच्या वर जातं. इतकं लांब जायचं तर बरंचसं इंधन उरलेलं इंधन वाहून नेण्यातच जळतं. विमान थेट उडतं ते बऱ्याच रिकाम्या जागा सोडून.

थांबे गळाले हे चांगलं झालं असंच मी म्हणेन. एका अनोळखी विमानतळावर पहाटे तीन वाजता, पुढच्या विमानाला सात तास असताना, गालिच्यावर पाठ टेकून बघा, म्हणजे जुन्या मुक्कामांचा रोमान्स उतरतो. माझ्या बहिणीकडे जायला दोन विमानं लागतात. फोनवरचा भागाकार हे अंतर ज्या तासांत बसवतो त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ दाराला कुलूप लावल्यापासून तिच्या दाराची बेल वाजवेपर्यंत जातो. वेळापत्रकातला वेळही गेटवरून विमान हललं तेव्हापासून पुढच्या गेटवर टेकेपर्यंतचा असतो. धावपट्टीच्या रांगेत घालवलेला अर्धा तास त्यात आधीच मुरवलेला असतो. त्यामुळे विमान कधी कधी "वेळेआधी" पोचतं आणि सगळे उगाच खूश होतात.

घड्याळाच्या गोंधळात मी शिरणार नाही, एकच सांगते. पॅसिफिकमधल्या सामोआने २०११ मध्ये ३० डिसेंबर हा दिवसच गाळला आणि जिथे तारीख बदलते त्या दिनांतर रेषेच्या दुसऱ्या बाजूला गेला. शेजारचा अमेरिकन सामोआ आहे तिथेच राहिला. आता सामोआतल्या आपियाहून अमेरिकन सामोआतल्या पागो पागोला, जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर, छोट्या विमानाने अर्ध्या-पाऊण तासात जाता येतं आणि उतरल्यावर घड्याळ तेच ठेवून तारीख एक दिवसाने मागे करावी लागते. फोनवरचा भागाकार इथे अंतर आणि वेळ दोन्ही बरोबर सांगतो. काल पोचाल, एवढं मात्र सांगत नाही.

बहीण वर्षाकाठी एकदा येते. ती निघाली की आई फोनवर विमानाचा माग लावून बसते. नकाशावरचं ते पिवळं चिन्ह, बाजूला उंची आणि वेग. आधी ती फक्त "कुठवर आलं?" एवढंच विचारायची. आता वेगाच्या आकड्याकडे बघते. नऊशेच्या वर दिसला की निवांत, आठशेच्या खाली आला की कपाळाला आठी.

परवा असंच बघत होती. "आज वारा समोरून आहे का गं?"

"हो. चाळीस मिनिटं उशीर दाखवतंय."

"मग मी जरा पडते," आई म्हणाली. "काळा समुद्र ओलांडला की उठव."